डाळीचे दुखणे एका शास्त्राचे नव्हे

तुरीच्या डाळीचा भाव चढला की आपल्याला डाळीची आठवण होते. भाव उतरला की आपण तिला विसरतो. २०१५च्या दिवाळीच्या सुमारास डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा साठेबाजांवर धाडी पडल्या. पुढच्या वर्षीच्या खरिपात शेतकऱ्यांनी भरपूर तूर पिकवली आणि २०१७मध्ये ती ५०५० रुपये क्विंटल या हमीभावाने विकण्यासाठी त्यांनाच खरेदी केंद्रांपुढे रांगा लावाव्या लागल्या. जगात सर्वाधिक डाळी पिकवणारा, सर्वाधिक खाणारा आणि तरीही बाहेरून आणणारा देश आपलाच आहे. याचे खापर केवळ व्यापाऱ्यांच्या माथी फोडून भागणार नाही. या दुखण्याची मुळे शेतात आहेत, तशीच शास्त्राशास्त्रांमधल्या भिंतींतही आहेत.

या भिंती पडल्या म्हणजे काय होते, हे तुरीच्या वांझ रोगाने दाखवले आहे. रोगट झाड हिरवेगार राहते, पण फुलत नाही, शेंगा धरत नाही. १९३१ साली बिहारमधल्या पुसा येथे या रोगाची नोंद झाली. डोळ्यांना न दिसणारा एक कोळी तो पसरवतो, हे नंतर कळले. प्रत्यक्ष विषाणू हाती लागायला मात्र २००० साल उजाडले. तोवर थांबायचे कसे? १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत एक साधी युक्ती निघाली. रोगट पान कोवळ्या पानाला चक्क स्टेपलरने टाचायचे. पान सुकू लागले की त्यातले कोळी ताज्या पानावर उतरतात आणि कोणते रोप रोगाला बळी पडते, कोणते तग धरते, हे कळते. कीटकांचा अभ्यासक, रोगांचा अभ्यासक आणि वाण घडवणारा एका शेतात उभे राहिले, म्हणून हे साधले. मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेला ‘बीएसएमआर ७३६’ हा मर आणि वांझ या दोन्ही रोगांचा प्रतिकार करणारा वाण याच वाटेवरचा आहे.

या कामात अग्रभागी असलेले डॉ. य. ल. नेने हे रोगशास्त्रज्ञ. भाताचा ‘खैरा’ हा रोग जंतूंमुळे नव्हे, तर जमिनीतल्या जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे त्यांनीच दाखवले होते. आपल्या शास्त्राच्या कुंपणापलीकडे पाहण्याची तयारी असली की उत्तर सापडते, ते असे.

आज तुरीचा जनुकसंच (२०११) आणि हरभऱ्याचा (२०१३) उलगडलेला आहे. मोठी गोष्ट आहे ती. पण जनुकसंच वाचता आला म्हणजे शेत वाचता आले, असे नव्हे. मुळशी तालुक्यातल्या उरवड्याचेच पाहा. पिरंगुटचे कारखाने हाकेवर, तरी हा सारा मुलूख भाताचा. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर घेण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. तरीही भातानंतर मोकळी पडणारी खाचरे थोडी नाहीत.

का? चिखलणीने जमिनीची घडण मोडते. पाणी हटले की ती कडक होते, भेगाळते, मूळ खाली जात नाही. हा मृदाशास्त्राचा प्रश्न. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत मुळांवर गाठी धरणारे जिवाणू रोडावतात; तेव्हा बियाण्याला जिवाणू संवर्धन लावावे लागते. हा सूक्ष्मजीवशास्त्राचा. भात उशिरा निघाला तर हरभऱ्याला ओल पुरत नाही. म्हणजे हरभऱ्याचा विचार आधी भाताच्या वाणापासून करायला हवा. घाटे अळी कीटकशास्त्राकडे. कारखान्यांमुळे मजूर महागले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने यंत्राने काढता येईल असा उंच, उभट ‘फुले विक्रम’ हरभरा दिला खरा, पण या लहानशा खाचरांत यंत्र उतरेल कसे, हे अभियंत्याने सांगायचे. आणि भातानंतर मोकाट सुटणारी गुरे? त्यांचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, ग्रामसभेत आहे.

यांतले एक जरी सुटले नाही, तरी बाकीची उत्तरे फुकट जातात. म्हणून माझे म्हणणे असे की, संशोधनाचा पैसा विषयवार वाटण्याऐवजी काही भाग तरी गाववार द्यावा. एक गाव, पाच-सहा शास्त्रे, पाच वर्षे; आणि यश मोजायचे ते शोधनिबंधांनी नव्हे, तर किती खाचरे मोकळी राहिली नाहीत यावरून. जोडीला खरेदीची हमी हवीच; ती नसेल तर २०१७च्या रांगा पाहिलेला शेतकरी कोणत्याही नव्या वाणाकडे वळून पाहणार नाही.

डाळ आपल्या ताटात रोज असते. तिच्यामागचे शास्त्रही भाव चढण्याची वाट न पाहता रोज शेतात दिसले पाहिजे.