अंड्याचा पाव आणि घरातली वाटणी



सकाळी वस्तीत पाववाला आला की घरोघरी चहा-पाव होतो. त्याने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही, कारण पाव म्हणजे मैदा. तोच पाव अंड्यात बुडवून भाजला तर न्याहारी होते. शहरात त्याला फ्रेंच टोस्ट म्हणतात, आपण अंड्याचा पाव म्हणू.

पाव कालचा घ्या. ताजा पाव भिजला की तुटतो, कालचा अंडं नीट शोषतो. बुरशी दिसली तर मात्र अख्खा पाव टाका. सहा पावांना ४ अंडी, अर्धा कप दूध, हळद, बेताचं मीठ, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि असेल तर मूठभर शेवग्याचा पाला. पाव आडवे कापून बुडवा. थोड्या तेलावर, मध्यम आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. मोठ्या आचेवर बाहेरून करपतो आणि आत अंडं कच्चं राहतं. कच्च्या अंड्यातून जुलाब-उलट्यांचे जंतू जाऊ शकतात. मुलांसाठी कांदा-मिरचीऐवजी दुधात थोडा गूळ विरघळवा. साखरेचा आजार असलेल्यांनी पावाऐवजी शिळी चपाती वापरावी, गूळ घालू नये. अंडं नसेल त्या दिवशी बेसनाचं पातळ पीठ चालतं.

आता मुद्द्याचं. चार अंड्यांचं आम्लेट झालं की ते कर्त्या माणसाच्या आणि मुलाच्या ताटात जातं. आई आणि मुलगी चहा-पावावर. बायकांच्या पापण्या ओढून बघताना मी विचारते, "ताई, शेवटचं अंडं कधी खाल्लंत?" बहुतेकींना आठवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एकट्या अंड्याने रक्त वाढत नाही. पालेभाजी, लिंबू आणि लोहाच्या गोळ्याही हव्यात. जेवणानंतर तासभर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. पण अंडं पावात मुरलं की वाटणी सारखी होते, म्हणून मला हा पदार्थ आवडतो.

"उपासकाने अंडं खावं का?" असं काही जण विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. तो वाचा आणि ठरवा. ज्यांना नको, त्यांनी बेसन घ्यावं. पण लेकरांच्या ताटातलं अंडं दुसऱ्या कुणी काढू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. ज्या वस्तीत मजुरी रोजची, तिथे वर्गणी कोण देणार? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

म्हसळ्याहून महाड दूर नाही. १९२७ साली तिथे समान पाण्यासाठी आपली माणसं तळ्यावर गेली. समान घासाची सुरुवात आपल्या चुलीपासून करू. उद्या पहिला पाव घरातल्या मुलीला वाढा.