माहिती त्यांची, हक्क कोणाचा?

हातात छापील फॉर्म घेऊन माणसे वस्तीत येतात. घरात खाणारी तोंडे किती, कमावते किती, ताप आला तर कोणाकडे जाता, घरगुती औषध कोणते घेता, असे सारे विचारतात. आपल्या बायाबापड्या हातचे काम टाकून उत्तरे देतात, वर चहाही पाजतात. फॉर्म भरून गेलेली माणसे पुन्हा सहसा फिरकत नाहीत. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्याला कळत नाही. या प्रश्नाने एका दूरदेशी केवढे वादळ उठवले, ती हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात फ्रेंच गयाना नावाचा प्रदेश आहे. तो आजही फ्रान्सचाच भाग आहे. जवळजवळ सारा मुलूख घनदाट पावसाळी जंगलाने झाकलेला. पूर्वेला ओयापोक नदी आणि तिच्यापलीकडे ब्राझील. पश्चिमेला मारोनी नदी आणि तिच्यापलीकडे सुरिनाम. ओयापोक ही सरहद्द १९०० साली स्वित्झर्लंडच्या लवादाने ठरवून दिली. पालिकूर आदिवासी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या टापूत नांदत होते. आज ते दोन्ही देशांत विभागलेले आहेत. नदीवर ३७८ मीटर लांबीचा पूल २०११ मध्ये बांधून झाला. पण तो खुला व्हायला २०१७ साल उजाडले. माणसांना कागदपत्रे लागतात, डासाला लागत नाहीत. म्हणून हिवताप दोन्ही काठांवर राहिला.

या हिवतापावर तेथील लोकांचे जुने औषध आहे. लाल फुलांचे एक लहान झाड. पाने आणि लाकूड अतिशय कडू. शास्त्रीय नाव क्वासिया अमारा. हे नावसुद्धा एका गुलामाचे आहे. अठराव्या शतकात सुरिनाममध्ये क्वासी नावाचा, आफ्रिकेतून आणलेला एक गुलाम या झाडाने ताप उतरवी. झाडाचा नमुना युरोपात पोहोचला आणि लिनियस या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या झाडाला क्वासीचे नाव दिले. निदान नाव तरी दिले, असे आता म्हणावे लागते.

कारण पुढची गोष्ट अशी. फ्रान्स सरकारच्या आयआरडी या विकास संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गयानात शंभराहून अधिक लोकांना हिवतापावरील घरगुती उपाय विचारले. त्यांत आदिवासी होते, क्रिओल लोकही होते. लोकांनी मोकळेपणाने सांगितले. ही पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वाटेने जाऊन शास्त्रज्ञांनी क्वासियाच्या पानांतून हिवतापाच्या जंतूंवर चालणारा एक नवा रासायनिक घटक वेगळा काढला आणि २००९ मध्ये संस्थेने पेटंटसाठी अर्ज केला. २०१५ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने तो मंजूर केला. शोध लावणारे म्हणून शास्त्रज्ञांची नावे लागली. ज्यांनी झाड दाखवले, त्यांचा हक्क कुठेच नोंदला गेला नाही.

त्याच वर्षी फ्रान्स लिबेर्ते या संस्थेने पेटंटला हरकत घेतली. गयानाच्या लोकप्रतिनिधींनीही आवाज उठवला. आम्ही संशोधन संस्थेचीही बाजू सांगतो. प्रयोगशाळेतले कष्ट खरे होते. पेटंट घेतल्याने औषध खासगी कंपनीच्या घशात जाणार नाही, गरिबांना स्वस्तात मिळेल, असे तिचे म्हणणे होते. मात्र टीकेनंतर २०१६ मध्ये, होणाऱ्या लाभात गयानाला वाटा देण्याची तयारी तिने दाखवली. म्हणजे वाटा देणे अशक्य नव्हते. आधी विचारायचे राहिले होते.

येथे वाचकांना हळदीची आठवण होईल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. तेथे वापरच जुना होता. गयानात झाड जुने, काढा जुना, पण वेगळा काढलेला घटक नवा. २०१८ मध्ये पेटंट कार्यालयाने हरकत फेटाळली. पेटंटचा कायदा विचारतो, वस्तू नवी आहे का? तिथपर्यंतची वाट कोणी दाखवली, हे तो विचारत नाही. आम्ही कारकून माणसे. जमेला रक्कम आली तर ती कोणाकडून आली हे वहीत लिहावेच लागते. ज्ञानाच्या वहीत मात्र ते लिहिले नाही तरी चालते!

म्हणून संशोधन नकोच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. याच सरहद्दीवर दुसरे उदाहरण आहे. जंगलात बेकायदा सोने काढणारे हजारो गरीब लोक, बहुतेक ब्राझीलचे, हिवतापाने बेजार असतात आणि पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. २०१८ ते २०२० या काळात मलाकिट नावाच्या प्रकल्पाने ब्राझील आणि सुरिनामच्या हद्दीत, हे लोक जेथे विसाव्याला येतात तेथे, त्यांना स्वतःच रक्त तपासण्याचे साधन व गोळ्या मोफत दिल्या. वापर शिकवायला त्यांच्यातलीच, त्यांची भाषा बोलणारी माणसे तयार केली. साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी हे साहित्य घेतले. ताप आल्यावर तपासणी करून योग्य औषध घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. कोणी त्यांना चोर म्हणून हिणवले नाही, म्हणून त्यांनी विश्वास टाकला. संशोधकांना माहिती मिळाली आणि लोकांच्या हातात औषध पडले.

जनुकीय संपत्तीच्या लाभात मूळ लोकांना वाटा मिळावा यासाठी नागोया करार २०१० मध्ये झाला व २०१४ पासून लागू झाला. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि स्थानिक ज्ञानाची नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही कोणी पाहिली आहे काय? ग्रामपंचायतीत जाऊन एकदा जरूर विचारा.

आणि पुन्हा कोणी फॉर्म घेऊन दारी आला तर त्याला परत पाठवू नका. चहा द्या, पाट द्या. पण चार गोष्टी विचारा. तुम्हाला कोणी पाठवले? ही माहिती कशासाठी? यातून काही मिळाले तर आमचा वाटा कोणता? आणि अहवाल झाल्यावर तो आमच्या भाषेत वाचून दाखवायला याल ना? प्रामाणिक संशोधकाला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला राग येईल, त्याचा फॉर्म कोराच राहू द्या.