एमएनआयटी की पिलानी? जयपूरच्या घरांतील प्रवेशाचा पेच

जयपूर : जेईई मेन आणि बिटसॅट या परीक्षांचे निकाल हाती आले की जयपूरमधील अनेक घरांत दरवर्षी एकाच विषयावर खल सुरू होतो. जवाहरलाल नेहरू मार्गावरील मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच एमएनआयटी, शहरातच आहे. घरून डबा पोहोचवता येईल इतक्या अंतरावर. दुसरीकडे सुमारे दोनशे किलोमीटर दूर झुंझुनू जिल्ह्यात बिट्स पिलानी आहे. तिचे नाव देशभर आदराने घेतले जाते. सरकारी संस्थेत जागा मिळते, पण ती स्थापत्य किंवा धातुशास्त्राची असते. खासगी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मिळते, पण शुल्काचा आकडा वडिलांच्या कित्येक वर्षांच्या बचतीइतका असतो. निर्णयाला मिळणारे दिवस मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ही निवड बहुधा 'दोहोंत चांगली संस्था कोणती' या प्रश्नाच्या रूपाने मांडली जाते. या प्रश्नातून फारसे काही निष्पन्न होत नाही, कारण दोन्ही संस्था चांगल्या आहेत. अधिक उपयोगी प्रश्न वेगळा आहे : अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला, तर त्याची किंमत कोण मोजणार?

दोन्ही संस्थांच्या जन्मात अवघ्या एका वर्षाचे अंतर आहे. केंद्र आणि राजस्थान सरकार यांच्या भागीदारीतून 1963 मध्ये मालवीय प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. 2002 मध्ये त्याला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला आणि 2007 च्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांमध्ये गणले गेले. बिर्ला घराण्याच्या पिलानीतील महाविद्यालयांचे 1964 मध्ये अभिमत विद्यापीठात रूपांतर झाले. फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने अमेरिकेतील एमआयटी तिच्या उभारणीत सहभागी होती. यातील एक गंमत सहसा लक्षात येत नाही. सरकारी संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या पंडित मदनमोहन मालवीयांनी बनारस हिंदू विद्यापीठ उभे केले ते संस्थानिक आणि धनिकांकडून देणग्या गोळा करून. खासगी पैसा आणि सार्वजनिक हेतू यांचे या देशात कधीच हाडवैर नव्हते. वैर असलेच, तर ते आजच्या शुल्करचनेत आहे.

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील बी.टेक.चे शिक्षणशुल्क 2016 मध्ये वार्षिक 70 हजारांवरून 1 लाख 25 हजार रुपये झाले. म्हणजे चार वर्षांचे पाच लाख. वसतिगृह आणि भोजन वेगळे. त्याच वेळी सवलतीही ठरल्या. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण शिक्षणशुल्क माफ, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास पूर्ण माफ आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ. बिट्समध्ये केवळ शिक्षणशुल्कच चार वर्षांत वीस लाखांच्या पुढे जाते. गुणवत्तेवर आणि आर्थिक गरजेवर आधारित शुल्कसवलत तेथेही आहे. पण मध्यम उत्पन्नाच्या ज्या कुटुंबाला ती मिळत नाही, त्याच्यापुढे शैक्षणिक कर्जाचाच मार्ग उरतो.

कर्जाचा हिशेब घरी बसून करता येतो. वीस लाख रुपये, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची परतफेड धरल्यास मासिक हप्ता सुमारे 26 हजार 400 रुपये होतो. शिक्षण सुरू असताना साचणारे व्याज यात धरलेले नाही. पदवीनंतर चांगल्या वेतनाची नोकरी लागली, तर हा हप्ता जड नाही. पण त्या तरुणाला संशोधनाकडे वळायचे असेल, दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करायची असेल, कमी पगाराच्या पण शिकायला मिळणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत जायचे असेल, किंवा अभियांत्रिकी हे आपले क्षेत्रच नव्हे असे तिसऱ्या वर्षी उमगले असेल, तर हप्ता त्याच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा होतो. स्वस्त सरकारी जागेचे मोठे मोल येथे आहे. ती विद्यार्थ्याला चुकण्याची आणि वाट बदलण्याची मुभा देते. प्लेसमेंटच्या कोणत्याही तक्त्यात या मुभेसाठी रकाना नसतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने हा भार काही अंशी हलका केला आहे. गुणवत्तेच्या निकषावर निवडलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसाह्य मिळू शकते. वीस लाखांच्या गरजेसमोर दहा लाखांची ही मर्यादा अपुरी आहे. शिवाय व्याजसाह्याच्या लाभार्थ्यांची संख्या वर्षाला एक लाखापुरती सीमित असून त्यात सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना प्राधान्य आहे.

असे असूनही पिलानीचा पर्याय निवडणारे केवळ नावाला भुलतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तेथे हजेरीची सक्ती नाही. पदवीच्या काळात विद्यार्थ्याला काही महिने प्रत्यक्ष उद्योगात काम करावे लागते, आणि 1973 पासून चालत आलेली ही पद्धत पुढे अनेकांनी उचलली. एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर अभियांत्रिकीची दुसरी शाखा मिळवण्याची सोयही आहे. त्यात एक वर्ष आणि त्या वर्षाचे शुल्क वाढते, पण शाखेचा निर्णय लांबवता येतो. सरकारी संस्थेत सुरुवातीला मिळालेली शाखा बदलून घेण्याच्या संधी थोड्या असतात. ज्याला संगणक विज्ञानच करायचे आहे आणि ज्याच्या घरी पैशाची अडचण नाही, त्याने स्थापत्य शाखेत मन मारून चार वर्षे काढण्यात काही शहाणपण नाही.

निर्णयासाठी पालक ज्या आकड्यांचा आधार घेतात, त्यांतच खरी अडचण आहे. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2024 मध्ये अभियांत्रिकी गटात बिट्स पिलानी विसाव्या, तर एमएनआयटी त्रेचाळिसाव्या स्थानी होती. यावरून एक संस्था दुसरीपेक्षा दुपटीने चांगली ठरत नाही. क्रमवारीत संशोधनाला 30 टक्के भार आहे, 10 टक्के केवळ लोकमानसातील प्रतिमेला आहेत आणि बहुतेक माहिती संस्थाच पुरवतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात गणित कोण शिकवते, हे त्यातून कळत नाही. प्लेसमेंटच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. सरासरी पॅकेज दोन-चार विद्यार्थ्यांच्या परदेशी नोकऱ्यांनी फुगते. म्हणून त्याऐवजी मध्यांक मागावा आणि तोही आपल्याला मिळत असलेल्या शाखेचा मागावा.

'खासगी' हा शब्दही राजस्थानात फार सैलपणे वापरला जातो. राज्यात पन्नासहून अधिक खासगी विद्यापीठे आहेत. त्यांतील तीन विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2025 मध्ये पीएचडीचे नियम न पाळल्यावरून पाच वर्षे पीएचडी प्रवेशास मनाई केली. पिलानीचा लौकिक या सर्वांना आपोआप लागू होत नाही, मग जाहिरातीचे फलक कितीही मोठे असोत. जयपूरच्याच पूर्व सीमेवरील एलएनएमआयआयटीला तर कोणत्या रकान्यात बसवावे, हा प्रश्नच आहे. राज्य सरकार आणि मित्तल उद्योगसमूहाचे प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली, जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश देते आणि खर्च मात्र खासगी संस्थेसारखा आहे.

सार्वजनिक संस्थांचेही एकच चित्र नाही. 1947 मध्ये राजपूताना विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या राजस्थान विद्यापीठात एकेकाळी तत्त्वज्ञ दया कृष्ण, इतिहासकार गोविंदचंद्र पांडे आणि सतीश चंद्र यांच्यासारखे अध्यापक होते. इतिहास शिकण्यासाठी तेव्हा जयपूर सोडण्याचे कारण नव्हते. आज अध्यापकांची रिक्त पदे हे राज्य विद्यापीठांचे जुने दुखणे झाले आहे. विद्यापीठातच स्ववित्तपोषित जागा निघाल्या असून एकाच छताखाली दोन शुल्के चालतात. राज्याला आमदार, मंत्री आणि खासदार पुरवणाऱ्या विद्यार्थी संघाच्या निवडणुका 2023 मध्ये सरकारने थांबवल्या. सरकारी विद्यापीठ स्वस्त आहे, एवढ्या एका गुणावर ते आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. एमएनआयटीला केंद्राचा निधी आणि केंद्राचा कायदा लाभला. त्याच मार्गावरच्या शेजाऱ्याच्या वाट्याला तो आला नाही.

वर्गात आपल्या शेजारी कोण बसणार, हाही शिक्षणाचाच भाग आहे. एमएनआयटीत घटनात्मक आरक्षण आहे आणि निम्म्या जागा राजस्थानच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. मुलींसाठी 2018 पासून अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. खासगी विद्यापीठांवर आरक्षणाचे बंधन नाही. महाराष्ट्रातील पी. ए. इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकार असे आरक्षण लादू शकत नाही असा निर्णय दिला. त्यानंतर 93 वी घटनादुरुस्ती होऊन कलम 15(5) आले आणि न्यायालयाने 2014 मध्ये ते वैध ठरवले. मात्र खासगी संस्थांसाठी केंद्रीय कायदा झालेला नाही. दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट 2025 मध्ये असा कायदा करण्याची शिफारस केली. समितीने पाहिलेल्या आघाडीच्या खासगी संस्थांमध्ये, ज्यांत बिट्सही होती, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आढळले. शुल्क आणि सामाजिक प्रातिनिधित्व यांचे नाते याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

महाराष्ट्रातील कुटुंबांपुढे हाच पेच थोड्या वेगळ्या रूपात येतो. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यापासून राज्याला खासगी शिक्षणाची सवय आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत गृहराज्याचा निम्मा वाटा महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांना मिळतो. जयपूरला अर्ज केला की त्यांना इतर राज्यांच्या निम्म्या वाट्यात स्पर्धा करावी लागते. म्हणून दोन्ही ठिकाणचे मागील वर्षांचे अंतिम क्रमांक वेगवेगळे पाहायला हवेत. राज्याने जुलै 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला लागू आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्या कक्षेबाहेर आहेत. पुण्यातील नामांकित अभिमत विद्यापीठ की सरकारी महाविद्यालय, असा विचार करणाऱ्या मुलीसाठी हा फरक काही लाखांचा आहे.

दोन्हीकडची वेळापत्रके जुळत नाहीत, ही आणखी एक अडचण. जोसाच्या जागावाटपाच्या फेऱ्या सुरू असतानाच खासगी संस्था शुल्क भरण्याची अंतिम तारीख देतात. पालक दोन्हीकडे पैसे अडकवून बसतात, किंवा भीतीपोटी पहिल्या फेरीतच जागा पक्की करून पुढच्या फेऱ्यांतील संधी सोडतात. वास्तविक जोसामध्ये मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहण्याचा पर्याय असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करण्याचा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास एक हजार रुपयांहून अधिक कपात न करण्याचा नियम केला होता. अभिमत आणि खासगी विद्यापीठेही त्याला बांधील होती. पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षाचे आयोगाचे परिपत्रक पाहावे, आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.