गाण्याच्या कॉलेजात जायचं म्हणजे



दहावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या गाण्याच्या क्लासमधून मुली गळू लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे हेच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पाचवी-सहावीपासून मुलींना क्लासला घातलेलं असतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत गुण पदरात पडले की पेटी माळ्यावर जाते. मुलांचा तबलाही जातो, नाही असं नाही. पण त्यांना कुणी 'झाली ना हौस, आता घरातलं शिक' असं ऐकवत नाही.

त्यातूनही एखादी बारावीनंतर म्हणते, 'मला गाण्यातच पदवी करायची आहे.' हे संपादकीय तिच्याबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीत अशा चार-पाच जणी निघाल्या. त्यांचे फॉर्म भरताना, त्यांच्या ऑडिशनला सोबत जाताना जे दिसलं, ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटतं. आमच्याच बैठकीत एकीनं विचारलं होतं, पाणी, रेशन, मारहाण एवढं सगळं पुढ्यात असताना हे गाण्याचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. पण एका मुलीला रोज एक तास, एक कोपरा आणि मोठा आवाज काढायची मुभा हवी आहे, आणि या तिन्हींवर घरात भांडण होतं आहे, तर तो आपला प्रश्न नाही कसा?

आधी फॉर्मचं. आमच्याकडच्या मुलीला जवळचे पर्याय म्हणजे एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, नाव चांगलं आहे, पण पुणं म्हटलं की वसतिगृह आलं आणि वसतिगृह म्हटलं की घरातलं बोलणं तिथंच थांबतं. उरली मुंबई. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. चर्चगेटला जायचं तर दादरला उतरून, पूल चढून, पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. जाऊन-येऊन चार तास सहज जातात, मधे मेगाब्लॉक नसेल तर! ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या. तो संताप योग्यच होता. पण त्यानंतर आमच्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत त्याचा अर्थ एवढाच निघाला की मुलीनं दिवे लागायच्या आत घरी यायचं. गाण्याच्या वर्गांच्या वेळा या नियमात बसत नाहीत.

आणखी एक घोळ घराघरात असतो. 'विशारद झाली की पदवीच ना ती? मग तेवढ्यासाठी मुंबईला कशाला?' विशारद ही मोलाची परीक्षा आहे, तिच्यामागे किती वर्षांची मेहनत असते ते आम्ही पाहतो. पण ती संगीत मंडळाची परीक्षा. विद्यापीठातली पदवी म्हणजे रोज वर्गात बसणं, दुसऱ्या मुलींचं गाणं ऐकणं, ग्रंथालयात जाणं, भाषा आणि इतिहास शिकणं. आणि खरं सांगायचं तर आमच्या मुलींच्या दृष्टीनं पदवीचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. 'गाणं शिकायला जाते' म्हटलं की शेजारीण भुवया उंचावते. 'कॉलेजला जाते' म्हटलं की नाही उंचावत. ज्याला घरात नाद म्हणायचे, त्याचा कॉलेजात नाव घातल्यावर अभ्यास होतो.

आता ऑडिशन. कुठं तिला ऑडिशन म्हणतात, कुठं चाचणी. साधारण दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. तयार असलेला एखादा राग गा म्हणतात. विलंबित ख्याल, मग द्रुत, थोडे आलाप, थोड्या ताना. पेटीवर दोन-तीन स्वर वाजवून ओळखायला सांगतात. झपतालाचा ठेका हातावर धरायला लावतात, मग त्याची दुगुन. वेळ उरला तर एखादं नाट्यगीत किंवा अभंग. यातलं पाठ करून नेता येईल असं थोडंच असतं. बंदिश पाठ करता येते, पण तिच्याभोवतीचा विस्तार त्या क्षणी, त्या खोलीत, समोर अनोळखी माणसं बसलेली असताना करायचा असतो. तिथं मुलीचं बुजरेपण लगेच कळतं.

आमच्यातली एक मुलगी सुरेल होती, लयीला पक्की होती. परीक्षक बाई तिला दोनदा म्हणाल्या, 'आवाज मोकळा लाव, बाळ.' तार षड्जावर गेली की तिचा आवाज आत ओढला जायचा. बाहेर आल्यावर ती म्हणाली, 'ताई, घरी मी इतक्या मोठ्यानं कधी गायलेच नाही.' उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत, मधे पातळ भिंत. सकाळी सहाला पाणी भरायचं. सातला वडील कामावरून येऊन झोपतात. संध्याकाळी भावाचा अभ्यास, नंतर टीव्ही. मोबाइलवर तानपुरा लावून ती मोरीच्या दारात बसून, ओठांतल्या ओठांत म्हणावं तसं गायची. पाच वर्षं! आता त्या दहा मिनिटांत आवाज मोकळा कुठून येणार? तिच्या पुढच्याच नंबरवरची मुलगी मोठ्या घरातली होती, स्वतंत्र खोलीत गाणारी. तिचं गाणं हिच्याहून कच्चं होतं असं माझ्या अडाणी कानाला वाटलं, पण आवाज दणदणीत लागला. परीक्षकांनी जे ऐकलं त्याला गुण दिले, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या मोजत होत्या ते गळा की घराचं क्षेत्रफळ, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत सोडत नव्हता.

गाडीवरून आठवलं. आमच्या सकाळच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात भजनं होतात, टाळांसकट. नोकरीला जाणाऱ्या बायका, कुणी टेबलावर फायली हलवणारी, कुणी धुणीभांडी करणारी, खड्या आवाजात गात जातात आणि कुणी हरकत घेत नाही. देवाचं आहे ना! बाईनं मोठ्यानं गायचं असेल तर देव तरी हवा, नाहीतर लग्न तरी हवं. उल्हासनगरच्या सिंधी घरांत लग्नाच्या आधी बायका लाडा गातात तेव्हा अख्खी गल्ली ऐकते. जयंतीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत बाईचा आवाज चौकभर घुमतो. म्हणजे आवाज आहेत, ते मोकळेही आहेत. फक्त स्वतःसाठी, रोज, न चुकता गाणारी मुलगी कुणाच्या डोळ्यांत बसत नाही. आमच्या दुसऱ्या एका मुलीनं वर्षभर त्या भजनाच्या डब्यातून क्लासला जायची युक्ती काढली. आवाज तिथं मोकळा झाला म्हणते.

या दाराचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई, गंगूबाई, आणि नंतरच्या पिढीत किशोरीताई, प्रभाताई. 'बाई'ची 'ताई' कधी झाली, लक्ष दिलंत का कधी? मोगूबाई कुर्डीकरांच्या पिढीनं गाणं शिकण्यासाठी आणि त्याहून अधिक, मानानं गाण्यासाठी काय सोसलं ते मोगूबाईंच्या लेकीनं, किशोरीताईंनी, वेळोवेळी बोलून दाखवलं. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून बायकांच्या जाहीर मैफलीचा पायंडा पाडला. आकाशवाणीचा दरवाजा १९४६ च्या सुमारास काही गायिकांना बंद झाला तो गाणं कमी पडलं म्हणून नाही, त्यांच्या खाजगी आयुष्याकडे बोट दाखवून. पुढे १९५२ नंतर केसकर मंत्री असताना आकाशवाणीत रीतसर ऑडिशन आली, मोठमोठ्या उस्तादांना तिचा राग आला. मला मात्र वाटतं, बाईच्या बाबतीत तरी 'ही कोण, कुणाची' यापेक्षा 'ही कशी गाते' हा प्रश्न बरा.

विद्यापीठातल्या संगीताचं मोल इथं आहे. प्रभा अत्रे यांच्या घरात गाणं नव्हतं. आईच्या प्रकृतीसाठी म्हणून पेटी शिकायचं ठरलं, आईनं काही दिवसांत सोडलं आणि मुलगी शिकत राहिली. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, सुरेशबाबू माने आणि हिराबाईंकडे तालीम, संगीतात डॉक्टरेट, आणि १९७९ ते १९९२ एसएनडीटीच्या संगीत विभागाच्या प्रमुख. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या विद्यापीठात एक गाणारी बाई विभागप्रमुख म्हणून बसते, मुलींची परीक्षा घेते, हे आपोआप घडलेलं नाही. १३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या. त्यांच्या गाण्यावर पुष्कळ लिहून आलं, त्या खुर्चीवर फार थोडं.

हे केवळ ख्यालापुरतं आहे असं समजू नका. अंबरनाथच्या एका मुलीला सॅक्सोफोन शिकायचा आहे. तो तिनं पहिल्यांदा ऐकला तो वरातीतल्या बँडमध्ये, नंतर मोबाइलवर जॅझ ऐकू लागली. जॅझ आपल्याला परका नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली, आणि चिक चॉकलेट या नावानं गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, होता. पण त्या सगळ्या कहाणीत बायका शोधा. पॅम क्रेन, लोर्ना. दोघी गायिका. बाईच्या हाती माइक दिला गेला, वाद्य नाही. अमेरिकेत तरी काय वेगळं होतं? तिथं १९३७ मध्ये मिसिसिपीतल्या एका शाळेत मुलींचा 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' हा वाद्यवृंद उभा राहिला, तरी २०१८ मध्ये टेरी लिन कॅरिंग्टन या ड्रमवादक बाईंना बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॅझ आणि लिंगभाव न्यायासाठी वेगळी संस्थाच काढावी लागली. बर्कलीत पदवीसाठी जी ऑडिशन असते ती आपल्याकडच्या ऑडिशनची मावसबहीणच म्हणा: एक तयार रचना, कागदावरचे स्वर बघता क्षणी वाजवणं, ऐकलेलं ओळखणं आणि जागच्या जागी विस्तार. फक्त वर्षाची फी आपल्या पैशात ४० लाखांच्या पुढे जाते. आमच्या मुलीला ही रक्कम सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, 'मला आधी सॅक्सोफोन तर हातात घेऊ दे.' वरातीच्या बँडमास्तरांना आम्ही विचारून पाहिलं. बायकांना शिकवत नाही म्हणाले. आम्ही पुन्हा विचारणार आहोत.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडते. परीक्षक आणि वादक यांच्यामध्ये पडदा लावायचा. बॉस्टनच्या वाद्यवृंदानं १९५२ मध्ये हे करून पाहिलं, १९७० नंतर अनेकांनी ही पद्धत घेतली. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून जाजम अंथरायचे, पादत्राणं काढायला लावायचे. १९७० मध्ये तिथल्या नामवंत पाच वाद्यवृंदांत बायका ५ टक्क्यांहून कमी होत्या, १९९० च्या दशकाअखेर त्या २५ टक्क्यांच्या आसपास गेल्या. त्याचं श्रेय पडद्याला किती यावर वाद आहे. आमच्या मुलीला मात्र पडद्याचा काय उपयोग? पडद्याआडूनही तिचा दबलेला आवाज दबलेलाच ऐकू येणार. तिच्यासाठी दुसरं काही करावं लागेल. संगीत विभागांनी किती राग झाले यापेक्षा कान आणि लय यांना अधिक गुण द्यावेत. ऑडिशनच्या आधी दोन-तीन महिन्यांचा तयारीचा वर्ग घ्यावा, शक्य तर कल्याणच्या अलीकडे. लाडा, भीमगीत, भजन गाणाऱ्या मुलीला 'हे लोकसंगीत, तुम्ही लोककला अकादमीकडे जा' असं सांगून वाटेला लावू नये. लोककला अकादमी हवीच आहे, पण ख्यालाच्या खोलीचं दार त्या निमित्तानं बंद होऊ नये. असं पत्र आपण दोन्ही विद्यापीठांना पाठवत आहोत. सह्यांसाठी ते पुढच्या बैठकीत ठेवू.

आणि आपल्या हातातलं. उल्हासनगरला आमच्या सल्ला केंद्राची खोली सकाळी सात ते नऊ रिकामी असते. श्रावणापासून ती आम्ही गाणाऱ्या मुलींसाठी उघडतो आहोत. आजूबाजूला राहणाऱ्या बायकांशी बोलून झालं आहे, दोघींनी कुरकुर केली, एकीनं विचारलं, मलाही येता येईल का? अंबरनाथ आणि बदलापूरला अशी खोली मिळालेली नाही. बालवाडी, समाजमंदिर, कुणाचा बंद फ्लॅट, काहीही चालेल. माळ्यावर पेटी पडलेली असेल तर तीही द्या, भाते गेले असतील तर आम्ही दुरुस्त करून घेऊ. बारावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत फॉर्म निघतात, आणि ऑडिशनच्या दिवशी मुलीसोबत चर्चगेटपर्यंत जाऊ शकेल अशा बायकांची यादी आम्ही करतो आहोत. ज्यांना सकाळची रजा काढता येईल त्यांनी नावं कळवावीत.