वाटोळ्याचे वाटोळे

काही वर्षांपूर्वी पालीच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, 'आमच्या ओटीवर आजीचे वाटोळे जाते आहे.' निबंध वर्गात वाचला गेला आणि हशा पिकला. आम्हीही हसलो, तांबड्या शाईने 'वाटोळे' खोडून 'गोल' लिहिले. चूक आमची होती, हे कळायला फार उशीर झाला.

'वाटोळा' हे शुद्ध, जुने मराठी विशेषण आहे. संस्कृत 'वर्तुल' प्राकृतातून झिजत आपल्यापर्यंत आले ते या रूपात. मोल्सवर्थच्या कोशातही (1831) ते गोल याच अर्थाने सापडते. गंमत अशी, की याच 'वर्तुल'चे न झिजलेले भावंड भूमितीच्या पुस्तकात 'वर्तुळ' म्हणून मानाने बसले आहे. घरच्या वाटेने आलेले मात्र शिव्याशापांत उरले. तद्भवांविषयीची आपली तुच्छता (आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची तर विशेषच!) इथे उघडी पडते.

अर्थाचा घोटाळा होतो, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते टिकत नाही. नाशाच्या अर्थी हा शब्द सदैव नपुंसकलिंगी नाम असतो आणि 'होणे' किंवा 'करणे' यांच्या सोबतीने येतो: शेताचे वाटोळे झाले, पोराने घराचे वाटोळे केले. विशेषण मात्र नामाप्रमाणे रूप बदलते: वाटोळा चेहरा, वाटोळी भाकरी, वाटोळे जाते. 'शेताचे वाटोळे' आणि 'वाटोळे शेत' यांत गोंधळ होईल असा मराठी माणूस आम्हाला अद्याप भेटलेला नाही. शिवाय 'गोल' तरी कुठे सोवळा आहे? पैसे गोल करतात, गोलगोल बोलतात, गोलमाल तर विचारूच नका. तरीही पालीच्या बाजारातल्या पोह्याच्या पापडाला 'गोल' म्हणताना कोणी अडखळत नाही. बदनामी दोघांचीही झाली. हद्दपार एकच झाला.

बरे, गोलाईतून नाशाचा अर्थ कसा निघाला असावा? शून्याचा आकार वाटोळा, हे आम्हाला त्यातल्या त्यात पटणारे उत्तर. पण तो आमचा तर्क.

त्या निबंधाचा एक गुण आम्ही कापला होता. विद्यार्थ्याने तक्रार केली नाही. त्याच्या पुढच्या निबंधात चंद्र, भाकरी, तळे, सारे काही 'गोल' होते, आणि आम्ही त्याला शाबासकी दिली होती.