शिक्का नंतर, आधी बूड

रविवारी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर चक्कर मारा, एक सीन हमखास दिसतो. चिनी मातीची बाहुली उलटी करायची, बुडाला निळ्या दोन तलवारी दिसल्या की दुकानदार म्हणणार, ‘साब, ओरिजिनल माइसेन!’ आणि आपल्यातला एखादा कलासक्त आयटीवाला थेट एटीएमकडे.

बॉस, थांबा. जर्मनीतला माइसेनचा कारखाना १७१०चा, तलवारींचा शिक्का १७२०च्या दशकापासूनचा. पण अठराव्या शतकातच इंग्लंडच्या वूस्टरवाल्यांनीही आपल्या मालावर तशाच तलवारी काढल्या होत्या! मुकुटाखालचा ‘एन’ ही नेपल्सच्या राजेशाही कारखान्याची खूण. पुढे तीही कितीतरी जणांनी बिनधास्त वापरली. शिक्का मारणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम.

हा फंडा खरा कामी आला तो बीड जिल्ह्यातल्या आष्टीत, आत्याकडे. तिच्या महालक्ष्म्यांपुढे दरवर्षी वीतभर उंचीचा, बासरीवाला कृष्ण मांडतात. आष्टी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. आत्याच्या आजेसासऱ्यांनी तो हैदराबादहून आणला, असं घरात सांगतात. यंदा दोन्ही मुलांच्या वाटण्या चालल्या होत्या. त्यात एक जुन्या वस्तूंचा खरेदीदार येऊन सांगून गेला, ‘शिक्का नाही, म्हणजे डुप्लिकेट. पाचशे देतो.’ धाकटा द्यायला तयार. आत्या नुसती गप्प.

मी कृष्ण आधी गालाला लावला. गारेगार. रेझिनचा असता तर इतका गार लागला नसता, वजनालाही हलका भरला असता. मग मोबाइलचा टॉर्च: पातळ शेल्यातून उजेड पलीकडे झिरपला. बुडाची कड बिनचकाकीची, मध्ये वाटाण्याएवढं भोक. आतून पोकळ मूर्ती भट्टीत फुटू नये म्हणून हवेला ही वाट ठेवावी लागते. सोनेरी रंग मुकुटावर आणि गुडघ्यावर झिजलेला, घड्यांत शाबूत. म्हणजे जिथे हात लागतो तिथेच. मुद्दाम जुन्या केलेल्या मालावर मळ कसा सगळीकडे सारखा असतो. आणि आतल्या बाजूला, ओल्या मातीत दाबलेला चार आकडी नंबर. बस, एवढंच.

असे नंबर जर्मन बाहुल्यांवर नेहमी सापडतात. तो साच्याचा नंबर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडचे कारखाने खास आपल्या बाजारासाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण घडवत, बऱ्याचदा राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून. काहींच्या बुडावर ‘जर्मनी’ असतं, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने १८९०मध्ये केला होता. तेव्हा आत्याचा कृष्ण जर्मन असण्याची शक्यता दाट. नुसत्या नंबरवरून कुणी कारखान्याचं नाव छातीठोकपणे सांगत असेल, तर तो विकायला बसलाय असं समजा.

आत्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘म्हंजी खरा हाय ना?’

‘खरा आहे, आत्या.’

‘मग वाटणीच्या कागदावर लिहा. कृष्ण माझ्याकडं.’

थोरला लगेच कौतुकाने पितांबरी घेऊन आला. ती मी काढून घेतली. हे सोनं चकाकीच्या वरून, शेवटच्या मंद भाजणीत चढवलेलं असतं. घासलं की गेलं. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि खाली टॉवेल अंथरलेला.