बैठकीचे तास आणि झालेले काम



नववी-दहावीच्या मुलांनी घरकाम व खेळ बंद करून दिवसभर पुस्तकाला चिकटून राहावे, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. हाताच्या कामातूनही अभ्यास होतो. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत तब्बल 3 तास 20 मिनिटे हस्तोद्योगाला दिली. तो वेळ वाया घालवण्यासाठी नव्हता. टकळीवर सूत काढायचे, तार मोजायचे, सुताची गुंडी तोलून त्याचा अंक म्हणजे बारीकपणा काढायचा. त्रैराशिक त्यातच गिरवले जाई आणि काम किती उरकले हे मुलालाच दिसे.

समितीची ती योजना 7 ते 14 वयाच्या मुलांसाठी होती, आज बोर्डाची परीक्षा डोक्यावर आहे, हा आक्षेप रास्तच. तेवढे तास आज कुणी मागतही नाही. परंतु बसलेल्या तासांपेक्षा झालेले काम मोलाचे, हे आजही लागू पडते. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिल्याने तो अधिक टिकतो, हे स्मरणशक्तीवरील प्रयोगांतही दिसले आहे. असा अभ्यास थकवतो. म्हणून मधे अंगणातले काम, मैदान आणि पुरती झोप हवीच. पालकांना विनंती, मुलांना ‘किती तास बसलास?’ असे न विचारता ‘आज काय पुरे केलेस?’ एवढे विचारा.

— एक वाचक, वर्धा